‘मीच’ नावाचं घर

कारखान्यात माझ्या सुनेला सगळ्या जणी ‘कात्री’ म्हणतात. हातात सतत कात्री असते म्हणून, असं ती सांगते. मी तिच्याबरोबर एका छपराखाली राहते. नाव कशावरून पडलं असेल ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

दिसायला लहानखुरी. चालणं असं की बरोबरच्या माणसाला धाप लागावी. साबणाच्या कागदावरचं बारीक छापलेलं वाचल्याशिवाय साबणाला पाणी लावणार नाही. दुकानदार चुकून म्हणाला, “सगळ्या हाच नेतात,” की हातातला ठेवून दुसरा उचलणार. मग घरी येऊन मला हळूच सांगणार, “आई, तोच बरा होता हो.” दुकानदाराला मात्र हे कधी कळू देणार नाही, जीव गेला तरी.

नात शिकायला लांब गेलीय. ती मला फोनवर म्हणाली, “आजी, आईबद्दल लिही की. बोलतेस तसंच लिही.” म्हणून लिहायला बसले. शाळेत मी जेमतेम अक्षरं ओळखण्यापुरती गेले, त्यामुळे शब्द वाकडेतिकडे पडतील. बाई सरळ आहे, तेवढं पुरे.

माझा थोरला मुलगा तिला टाकून दुसऱ्या शहरात दुसरं बिऱ्हाड करून राहिला. त्यानंतर चार शहाण्यांनी ठरवलं की सुनेनं माहेरी जावं. तिला कुणी विचारलं नाही, मला तर नाहीच. तिचा भाऊ आला आणि घेऊन गेला. मी दिवसभर खिडकीशी बसून होते. ताटातलं ताटातच राहिलं. दिवेलागणीला दार वाजलं.

“कोण?” मी आतून विचारलं.

“मीच.”

दार उघडलं तर ही. एका हातात बॅग, कडेवर माझी पेंगुळलेली नात. म्हणाली, “आई, तुमचा मुलगा घर सोडून गेला. मी कुठं सोडलंय?”

मी म्हटलं, “आधी आत ये. वारा येतोय.”

एवढंच आमचं बोलणं झालं आणि तेवढ्यावर आमचं सगळं ठरलं. पुढे कुणी थोरल्याची बाजू मांडायला आलं, की मी त्याला पाणी देते आणि वाटेला लावते. पाणी देते, कारण माझ्यावर संस्कार आहेत.

तिचा कारखाना लोकरीच्या स्वेटरांचा. मोठाल्या यंत्रांवर विणलेलं कापड खाली येतं, मग शिवण, मग गुंड्या. ती गुंड्यांच्या टेबलावर होती. गुंडी लावायची, दोरा तोडायचा, लोंबणारे धागे कापायचे, पुढचा स्वेटर ओढायचा. संध्याकाळी घरी आली की अंगठा पाण्यात बुडवून बसायची आणि वर मलाच विचारायची, “तुमचे गुडघे कसे आहेत?”

मग कारखान्यात नवी यंत्रं आली. मालकानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, गुंड्यांचं काम आता बाहेर द्यायचं. नमुन्यांच्या खोलीत काही खुर्च्या आहेत, ज्यांना कॉम्प्युटरवर नमुना लिहिता येईल त्यांना त्या मिळतील. ज्यांना येणार नाही त्यांचं काय, हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही, नुसता हात हवेत उडवला. सुनेनं घरी येऊन मला तो हात तस्साच करून दाखवला.

नमुना ‘लिहायचा’ म्हणजे काय ते मला कळेना. तिनं समजावलं. यंत्राला चित्र दिसत नाही. त्याला सांगावं लागतं, इतके टाके पांढरे, इतके निळे, आता वळ, आता उलटं जा. हे सांगायची एक भाषा आहे, आणि त्या भाषेचं नाव म्हणे एका अजगराचं आहे.

“भाषेला अजगराचं नाव? कुणी ठेवलं?”

“मला काय विचारता? मी होते का बारशाला?”

तेव्हापासून आमच्या घरात त्या भाषेला अजगरच म्हणतात.

शिकवायला एक मास्तर नेमला होता. तरुण, अंगानं काडी, बोलायला गोड. क्लासच्या आठवड्यांत ती कारखान्याच्या कॉम्प्युटरवर शिकली, आणि घरी जेवताना भाताच्या शितांनी ताटात टाके मांडून मला नमुने दाखवू लागली. शेवटी मास्तर म्हणाला, आता ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर अजगर टाकून, चालता करून सोमवारी आणा. चालू असेल तिला खुर्ची.

कॉम्प्युटर आमच्याकडे होता. नातीचा जुना लॅपटॉप. तिनं जाताना तो पुसून, कोरा करून आईला दिला होता. पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यानं विचारलं, कोण वापरणार, नाव सांगा. मी शेजारीच लसूण सोलत होते. ही हसली आणि आपल्या अक्षरांत टाईप केलं, ‘मीच’. मला वळवून दाखवलं. मलाही हसू आलं. दारातला तो आवाज आम्हा दोघींनाच माहीत होता. त्याच दिवशी कॉम्प्युटरनं तिच्यासाठी आत एक घर बांधलं आणि त्यावर ‘मीच’ अशी पाटी लावली. ही पाटी पुढे काय गंमत करणार आहे ते तेव्हा कुणाला ठाऊक?

शनिवारी दुपारी तिनं कारखान्यानं दिलेला पेनड्राइव्ह लावला. मास्तरनं सांगितलं होतं, काही विचारलं तर नेक्स्ट दाबत जा. हिनं दाबलं. अजगर आत गेला. मग तिनं ती काळी खिडकी उघडली, जिच्यात नुसतं लिहायचं असतं, आणि अजगराला हाक मारली. खिडकीनं उत्तर दिलं. तिनं मला आपल्या भाषेत वाचून दाखवलं, “असलं कुणी माझ्या ओळखीचं नाही.”

“अगं पण आत्ताच टाकलास ना त्याला?”

“टाकलाय. आत बसलाय. डोळ्यांनी दिसतोय मला.”

“मग घरातल्यालाच ओळख कशी दाखवत नाही हा?”

“तुमच्या थोरल्यावर गेला असेल.”

तिनं मास्तरला फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

“ताई,” मास्तर म्हणाला, “पाथ लागलेला नाही.”

पाथ म्हणजे वाट, एवढं मला माहीत झालं होतं. कॉम्प्युटर हाक आली की सगळं घर धुंडाळत नाही. त्याच्याकडे ठरलेल्या वाटांची यादी असते. त्या वाटांच्या टोकाला जाऊन डोकावतो, दिसलं तर आणतो, नाहीतर हात झटकतो. पोस्टमनसारखा.

मी तिला विचारलं, “काय म्हणतोय? वाट लागलेली नाही?”

“हो.”

“मला तर चांगलीच लागलेली दिसतेय.”

फोनमधून मास्तर खो खो हसला. हिला हसू येत नव्हतं. त्यानं सांगितलं तशी तिनं वाटांची यादी उघडली आणि मोठ्यानं वाचू लागली. “सी. मग यूझर्स. मग...”

“मग?”

“मग तीन प्रश्नचिन्हं.”

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच. जिथं ‘मीच’ असायला हवं तिथं तीन प्रश्नचिन्हं एका ओळीत उभी. मास्तरनं उलगडा केला. आत सामान टाकणारा वेगळा आणि वाटेची पाटी लिहिणारा वेगळा. सामानवाल्याला आपली अक्षरं येत होती, त्यानं ते बरोबर ‘मीच’च्या घरात नेऊन टाकलं. पाटीवाला जुना, त्याला आपली अक्षरं येत नव्हती. वाचता आलं नाही तिथं त्यानं प्रश्नचिन्हं ठोकली. आता कॉम्प्युटर प्रश्नचिन्हांचं घर शोधत फिरतो आणि तसलं घर काही नाही.

मी म्हटलं, “नवीन काय त्यात? आपल्या नातेवाइकांना तुझ्याकडे बघून कायम हेच दिसत आलंय.”

“आई, थांबा जरा. सर, मग मी तिथं हातानं ‘मीच’ लिहिते.”

तिनं लिहून पाहिलं. अजगर उठला खरा, पण त्याच्या मागून चालणारं जे विणकामाचं गाडं होतं, ते त्याच नावाला ठेचकाळून आडवं झालं. त्यालाही आपली अक्षरं येत नव्हती. तिनं होतं तसं परत ठेवलं.

“ताई, सोपं सांगू?” मास्तर म्हणाला. “तुमचे नमुने पेनड्राइव्हवर काढून घ्या. सगळं पुसा, पहिल्यापासून चालू करा. नाव विचारेल तिथं इंग्रजीत लिहा, यूझर वन. सगळ्या यूझर वनच लिहितात.”

मी कपाळाला हात लावला. बिचाऱ्याला साबणवाल्याची गोष्ट माहीत नव्हती.

“सर, मी यूझर वन नाही.”

“अहो ताई, ते नुसतं नाव आहे.”

“नुसतं असेल तर राहू द्या ना मग.”

 मग तो जरा पडेल आवाजात म्हणाला, “सोमवारी चालू नसेल तर खुर्ची पुढच्या बाईला जाईल. माझ्या हातात नाही ते.”

“चालू असेल.”

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “कसं चालू करायचं ते मला माहीत नाही, आई.”

खुर्ची गेली तर काय, ते मी जाणून होते. गुंड्यांचं टेबल तर उठणारच होतं. म्हणून मीच म्हटलं, “लिही ना बाई यूझर वन. आत बसणार तर तूच आहेस.”

ती लगेच चिडली नाही. लॅपटॉपचं झाकण अर्धवट लावलं आणि म्हणाली, “लग्न झालं तेव्हा मी तुमच्या थोरल्याची बायको झाले. मग टाकलेली झाले. कारखान्याच्या गेटवर नंबर आहे मला. या एका कॉम्प्युटरनं कधी नव्हे ते सरळ विचारलं, तू कोण? मी सांगितलं. ते त्याला वाचता येत नाही, तर शिकावं त्यानं. मी का बदलू?”

मी माझं म्हणणं मागे घेतलं. माझ्याच घरात माघार घ्यायची पाळी माझ्यावर फारशी येत नाही.

रविवारी धाकटा आला. धाकटा म्हणजे तिचा दीर. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, त्यामुळे सगळ्या नात्यागोत्यात कुणाचं काही बिघडलं की यालाच बोलावतात आणि तो कॉलर ताठ करून जातो. त्याला मीच फोन केला होता. सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात यानं लॅपटॉप मांडीवर घेतला.

“एवढंच ना? दोन मिनिटांचं काम.” खटाखट काहीतरी केलं आणि ओरडला, “वहिनी, झालं! नाव बदललं. ‘होम’ केलंय.”

ती ओला टॉवेल हातात घेऊन आत आली. “मला विचारलंत, भाऊजी?”

“विचारायचं काय त्यात? आता बघा पळतं की नाही.”

त्यानं काळ्या खिडकीत अजगराला हाक मारली. असलं कुणी माझ्या ओळखीचं नाही. पुन्हा मारली. तेच. यादी उघडली, तर तीन प्रश्नचिन्हं जागच्या जागी. मग त्यानं आतलं घर उघडलं. पाटी तीच, ‘मीच’.

“असं कसं? वर तर ‘होम’ दिसतंय,” धाकटा डोकं खाजवत म्हणाला.

“बाहेरची पाटी बदललीस रे तू,” मी म्हटलं. “आत बाई तीच बसलीय.”

पुरुषमाणसाचं चुकलं की त्याला आधी दुसऱ्याचं चुकलेलं आठवतं. धाकटा उसळला. “वहिनी, हा हट्ट कामाचा नाही. काम गेलं म्हणजे? शेवटी भार माझ्यावरच ना?”

“आजवर कुठला उचललात, भाऊजी? सांगा, मी आभार मानते.”

“दादा म्हणायचाच, की ही बाई...”

“धाकट्या,” मी म्हटलं, “त्याचं नाव या घरात काढलंस तर तुलाही वाटेला लावीन. आणि तुला पाणीसुद्धा विचारणार नाही.”

 तरी तो उठून गेला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. चप्पल पायात सरकवली, मग परत काढली आणि खुर्चीच्या काठावर टेकून बसला.

सून टॉवेल तसाच खांद्यावर टाकून स्क्रीनकडे बघत होती. तिच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं, तिला पत्ता नाही.

“भाऊजी, तुम्ही एक चांगलं काम केलंत,” ती म्हणाली.

धाकट्याला वाटलं टोमणा आहे. नव्हता.

“वरचं नाव बदलून आतलं बदलत नाही, हे तुम्ही दाखवलंत. म्हणजे नावाच्या मागे लागण्यात अर्थच नाही. माझं नाव वाचता येत नाही ना अजगराच्या माणसांना? मग त्यांनी माझ्या घरात यायचंच कशाला? त्यांना बाहेर ठेवू.”

“बाहेर म्हणजे कुठं?” मी विचारलं.

“असं बघा आई. सी ही अख्खी इमारत. यूझर्स हा मजला. ‘मीच’ ही आपली खोली. अजगर आपल्या खोलीत आलाय. त्याला जिन्याखाली ठेवते, सायकल ठेवतो तिथं. वाटेत माझं नावच लागणार नाही.”

आधीचा अजगर तिनं काढून टाकला. पेनड्राइव्ह परत लावला. या वेळी नेक्स्ट नाही. साबणाचा कागद वाचते तशी ओळ न् ओळ वाचत गेली, आणि एका ठिकाणी थांबली. “हे बघा. विचारतोय, कुठं ठेवू?”

“हे विचारतो?” धाकटा पुढे वाकून म्हणाला. “मी तर कायम नेक्स्ट नेक्स्ट करत जातो.”

“सगळे तसंच करतात,” सून म्हणाली, आणि जिन्याखालचा पत्ता लिहिला.

मग वाटांची यादी. जुन्या प्रश्नचिन्हांच्या ओळी होत्या त्या तिनं पुसल्या. एकेक चिन्ह बोटानं दाबून दाबून पुसलं, तेवढा आनंद मी तिला दोरा तोडतानाही झालेला पाहिला नाही. नवी वाट हातानं लिहिली. ओके केलं. सकाळपासून उघड्या असलेल्या काळ्या खिडकीत जाऊन अजगराला हाक मारली.

असलं कुणी माझ्या ओळखीचं नाही.

धाकट्यानं सुस्कारा सोडला. “मी म्हटलं होतं.”

तिनं परत लिहिलं. परत तेच. यादी तपासली, अक्षर न् अक्षर बरोबर. मी तिच्या कानाची पाळी लाल होताना पाहिली. ती अशी लाल झाली की घरातली भांडी सांभाळावी लागतात. तिनं रागारागानं ती काळी खिडकी बंद करून टाकली. “जा मर!” म्हणाली. आणि लगेच, तोच राग ओसरायच्या आत, दुसरी उघडून तिच्यात तेच लिहिलं, जसं काही भांडणातलं शेवटचं वाक्य राहिलं होतं.

अजगर उठला. त्यानं आपलं नाव सांगितलं, कितवी आवृत्ती ते सांगितलं, आणि त्याच्याखाली तीन बाण आले, एकापुढे एक, सगळ्यांची तोंडं पुढच्या बाजूला.

मग विणकामाचा भाग लावला. तोही चालला. ठेचकाळला नाही, कारण ठेचकाळायला वाटेत काही नव्हतंच.

आम्ही तिघंही बघत राहिलो. आधी धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “खिडकी उघडताना वाटा पाठ करून घेते ती. नंतर बदललेल्या तिला कळत नाहीत. नवीच उघडावी लागते.”

“जुन्या खिडकीला नवी वाट दिसत नाही होय?” मी म्हटलं. “मग आपल्या नातेवाइकांच्या खिडक्या कुणी बंद करायच्या?”

आता मात्र सून हसली. हसता हसता लॅपटॉप धाकट्यापुढे सरकवला. “भाऊजी, तुमचं ‘होम’ काढा आता. होतं ते लिहा.”

“वहिनी, चालतंय ना? राहू दे की.”

“चालतंय म्हणूनच.”

धाकट्याला आपल्या अक्षरांत टाईप करायची सवय नाही. एकेक अक्षर शोधत बसला. मध्येच विचारतो, “मी ऱ्हस्व का दीर्घ?”

“दीर्घ,” ती म्हणाली. “चांगली लांब.”

सोमवारी ती रोजच्यापेक्षा भरभर गेली. मी दिवसभर काहीबाही करत होते. दोनदा मीठ घातलं, एकदा दूध उतू घालवलं. चालतंय हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण मशिनाचा काय भरवसा? घरी गोड वागून बाहेर मान खाली घालायला लावणारी माणसं मी जन्माला घातलेली आहेत.

तिथं काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. मास्तरनं लॅपटॉप उघडला, नाव पाहिलं. “तेच ठेवलंत?”

“तेच.”

“आणि चालतंय?”

“हाक मारून बघा.”

त्यानं हाक मारली. तीन बाण आले. त्यानं वाटांची यादी उघडली, जिन्याखालचा पत्ता पाहिला आणि म्हणाला, “हे मला सुचायला हवं होतं. पुढच्या तुकडीला इथंच टाकायला सांगतो.” सरळ माणूस आहे. मग म्हणाला, “आता काहीतरी विणून दाखवा. छोटंच.”

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी जे कळलं ते असं. दिवेलागणीला दार वाजलं. पावलं ओळखीची होती, तरी मी आतून विचारलं, “कोण?”

उत्तर नाही. बाहेर नुसती खुसखुस. मग दाराखालच्या फटीतून काहीतरी सरपटत आत आलं. खरंच दचकले. लोकरीची पट्टी होती, तळहाताएवढी रुंद, पांढऱ्यावर निळी अक्षरं विणलेली. मी ती उचलली, चष्मा शोधला, दिव्याखाली धरली. निळ्या टाक्यांची वेलांटी लांब, चांगली ठसठशीत. यंत्रानं विणलं होतं, आणि यंत्राला वाचता येत नव्हतं म्हणून काही बिघडलं नव्हतं. तिनं टाके सांगितले, त्यानं घातले.

मी वाचलं. दोनदा वाचलं. खुर्ची मिळाली का, हे विचारायची गरज राहिली नाही.

तरी कडी काढली नाही लगेच. इतक्या वर्षांत दाराच्या या बाजूला माझ्याकडेही थोडा हट्ट जमलाय. म्हटलं, “हे काय लिहून टाकलंय? म्हातारीला वाचता येत नाही. तोंडानं सांगा, कोण आहे?”

तर बाहेरून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडली.